भुलाबाईचे पाच धांडे आणि खामगावची मोठी देवी

(ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधला कुत्र्यांचा आवाज काढला आहे.)

आज माझा आवाज थोडा वेगळा येत असेल, कारण मी पुण्यातल्या खोलीतून बोलत नाहीये. मी आमच्या गावी आहे, नांदुऱ्याजवळ, बुलढाणा जिल्ह्यात. माडीवर बसलेय. खाली अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलंय आणि नेटवर्क फक्त इथेच येतं. तर मध्येच वहिनीचा आवाज आला तर समजून घ्या.

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की सणाला घरी गेलीस की करतेस काय? फराळ सगळेच करतात. म्हणून म्हटलं, यंदा जे केलं ते सांगते. घरी आम्ही भुलाबाई बनवली. आणि मग सगळे मिळून खामगावला गेलो.

भुलाबाई म्हणजे काय, हे पुण्या-कोल्हापूरकडच्या मंडळींना सांगावं लागेल. तुमच्याकडे नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतात ना, त्याची ही वऱ्हाड-खानदेशातली बहीण समजा. फक्त आमच्याकडे हत्ती नाही, मातीची मूर्ती असते. भुलाबाई म्हणजे भिल्लिणीचं रूप घेतलेली पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, असं आमच्याकडे सांगतात. भाद्रपद पौर्णिमेला बसवायची आणि कोजागरीला पाठवायची. महिनाभर रोज संध्याकाळी मुली गोळा होणार, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणणार, शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी धरून हलवून बघायचा. खुळखुळलं तर फुटाणे, नाही खुळखुळलं तर शिरा. माझी तर सगळी हुशारी तिथेच खर्च झाली.

आता आमच्या गल्लीत भुलाबाई बसत नाही. मुलीच नाहीत म्हणायला हव्यात. आहेत त्या शिकवणीला जातात. दादाची पोरगी, माझी भाची, चौथीत आहे. मी आले त्या दिवशी ती म्हणाली, आत्या, मोठी आजी गाणं म्हणते पण भुलाबाईच नाही, मग कुणापुढे म्हणायचं? मला काही उत्तर सुचेना. कोजागरी आठ दिवसांवर होती. महिनाभराचा सण आठ दिवसांत, पण म्हटलं करू.

पूर्वी आमच्याकडे मूर्ती बाजारातून आणायचे. कुंभारवाड्यातले दोघं-तिघं करायचे. यंदा बाजारात गणपती झाले, देव्या झाल्या, भुलाबाई काही दिसली नाही. मग घरीच करायची ठरली. शेतातली काळी माती आणली, चाळली, भिजवली, मळली. भाचीनं भुलाबाई केली, मी भुलोजी. भुलोजी मला जरा नेत्यासारखा झाला, पोट सुटलेला. रात्री ओट्यावर ठेवले आणि सकाळी बघतो तर भुलाबाईच्या गळ्यापासून कमरेपर्यंत भेग. भुलोजीचं डोकं वेगळं.

भाची म्हणाली, यूट्यूबवर पाह्य ना. पाहिलं. तिथे सगळे शाडूबद्दल बोलतात. आमच्याकडे शाडू कुठून येणार? आजी ओसरीत बसून हे सगळं ऐकत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं, विशेषतः जे ऐकू जाऊ नये ते. ती म्हणाली, "अवं, काळी माती हाय ते. पाणी पेली की फुगते अन् वाळली की तडकते. नुसत्या मातीची भुलाबाई टिकते का? कापूस आन."

ऐकताय ना? ज्यांच्या घरी मुलं मातीकाम करतात त्यांनी हे लिहून ठेवा. काळ्या मातीत पाणी शिरलं की ती फुगते आणि सुकताना आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात आमच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच मूर्तीचं होतं. तिला धरून ठेवायला धागा लागतो. आम्ही सरकी काढलेला कापूस पिंजून त्याचे अगदी बारीक बारीक तुकडे केले आणि मातीत मळले. गोळा होऊ द्यायचा नाही, सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. थोडी चाळलेली रेती घातली. मग माती झाकून एक रात्र मुरू दिली. मूर्ती केल्यावर उन्हात ठेवायची नाही, सावलीत, आणि पहिले दोन दिवस ओलसर कापडाखाली. आजीनं हात लावून बघितलं, म्हणाली, मान बारीक झाली, भुलाबाईची मान जाड ठेवा, तिला महिनाभर मिरवायचं असते. या वेळी एकही भेग नाही गेली. रंग म्हणजे गेरू आणि चुना. डोळे काजळाचे. भुलोजीचं पोट मी तसंच ठेवलं.

आता खरी अडचण. कोजागरीला भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या खोपीत बसवतात. पाच उभे धांडे, वर कणसं एकत्र बांधलेली, खाली चौरंगावर दोघं. आणि ज्वारी कुठेय? मी लहान होते तेव्हा दिवाळीच्या आधी शेतात उभं राहिलं तर ज्वारीत माणूस दिसायचं नाही. आता आमच्या शिवारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी, थोडी कपाशी. ज्वारीला पाखरं राखायला माणूस लागतं, कापायला माणूस लागतं, आणि रानडुकरं आली तर काहीच उरत नाही. बाबांनीही सोडली. मी त्यांना नावं ठेवत नाही, हिशेब मलाही कळतो. पण पाच धांड्यांसाठी मी आणि भाची स्कूटीवर तीन शिवारं फिरलो. शेवटी एका काकांच्या धुऱ्यावर एक ओळ सापडली, म्हशीच्या कडब्यासाठी लावलेली. काका म्हणाले, भुलाबाईले पायजे का? मग सहा ने, एखांदा मोडते रस्त्यात.

एक मोडलाच.

कोजागरीला गल्लीतल्या अकरा मुली आल्या. चौघींनी मोबाइलमध्ये गाणी शोधून पाठ केली होती, ती आजीच्या गाण्यांशी जुळेनात. आजी म्हणाली, "तुमी तुमचं म्हना, मी माह्यं म्हनतो." दोन्ही एकदम चाललं. भयंकर आवाज झाला. आटीव दूध चांदण्यात ठेवलं, खाऊ ओळखला (मुरमुऱ्याचा चिवडा, सगळ्यात लहान पोरीनं ओळखला), आणि दुसऱ्या दिवशी भुलाबाईला नाल्यावर नेऊन पाठवलं. भाची रडली नाही, मला वाटलं होतं रडेल.

ज्या रात्री आमच्या घरातून भुलाबाई निघते, त्याच कोजागरीला खामगावात देवी बसते. बाकी महाराष्ट्रात दसऱ्याला देव्या उठतात आणि खामगावात तेव्हा मांडव घालायला सुरुवात होते. मोठी देवी म्हणतात तिला. जगदंबेची भली मोठी मूर्ती. कोजागरीपासून पुढचे दिवस आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं तिकडे लोटतात. आमच्या घरची दिवाळीची खरेदी त्याच फेरीत व्हायची. लहानपणी माझ्यासाठी शहर म्हणजे खामगाव. पुणं फार नंतर आलं.

तर रविवारी आम्ही पाच जण निघालो. आजी, बाबा, वहिनी, भाची, मी. दादा सोयाबीनजवळ थांबला, आभाळ आलं होतं. एसटीत गंमत झाली. आजीला 75 कधीच पूर्ण झालीत, तिचा प्रवास फुकट. वहिनीला आणि मला बायकांची अर्धी सवलत. भाचीचं अर्धं तिकीट. कंडक्टर बाबांना म्हणाला, काका, तुमचंच तेवढं पूर्ण. बाबा हसले. त्या दिवसात बाबा हसले ते तेवढंच, पण ते मला नंतर लक्षात आलं. नांदुऱ्यात गाडी बदलली, 105 फुटी हनुमानाला बसस्टँडवरूनच हात जोडले आणि महामार्गाला लागलो.

भाचीला खरं तर रेल्वेनं जायचं होतं. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर जलंब नावाचं स्टेशन आहे, तिथून खामगावला 13 किलोमीटरचा वेगळा फाटा जातो. एवढ्याशा अंतरासाठी 1870 साली रूळ टाकले, आणि उद्घाटनाला व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कशासाठी? कापसासाठी. खामगावचा कापूस बाजार त्या काळी देशातल्या मोठ्या बाजारांत होता. जो कापूस आम्ही भुलाबाईच्या मातीत मळला त्याच्यासाठी! हे मी बसमध्ये भाचीला फार रंगवून सांगितलं. ती म्हणाली, मग आता काहून बसनं चाललो आपण?

खामगावला उतरल्यावर मला वाटलं, आधी देवी. बाबा म्हणाले, आधी सराफ्यात जाऊ. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे, रजतनगरी म्हणतात. लांबलांबून लोक देवाचे मुकुट, पूजेची भांडी करून घ्यायला येतात. मला वाटलं भाचीला पैंजण घ्यायचे असतील. दुकानात बसलो, आणि आजीनं कमरेच्या पिशवीतून फडक्यात बांधलेल्या तिच्या तोरड्या काढल्या.

मी वहिनीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

झालं असं, की सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस आला. गंजीवर ताडपत्री होती तरी खालून ओल शिरली. बाजारात ओलावा मोजायचं यंत्र लावतात, आकडा 12 च्या वर गेला की भाव कापतात, आणि दाणा काळा पडला असेल तर विचारूच नका. हरभरा पेरायचा तर बियाणं, खत, डिझेल, सगळं आता लागतं. मी महिन्यापूर्वी फोनवर बाबांना म्हटलं होतं, पैसे पाठवते. ते म्हणाले होते, सध्या गरज नाही. आणि इथे आईच्या पायातली चांदी काट्यावर.

मी दुकानातच बोलले. बोलायला नको होतं कदाचित. म्हटलं, बाबा, माझ्या अकाउंटला पैसे आहेत, आत्ता इथून पाठवते. बाबा खाली बघत म्हणाले, पोरीचा पैसा मी घेत नाई. मला इतका राग आला! दादानं दिले असते तर चाललं असतं ना? शिकवायला खर्च केला तेव्हा पोरगी-पोरगा केलं नाही, आणि आता पैसा मात्र पोरीचा झाला. आजी तेवढ्यात म्हणाली, "पोरीचा नाई घेत त मायचा घे. माय त तुहीच हाय ना?" दुकानदारसुद्धा गप्प झाला. त्यानं कानस मारून टंच पाहिला. जुन्या खेड्यातल्या चांदीत भेसळ जास्त, शुद्ध चांदीचा भाव मिळत नाही हे तो आधीच स्पष्ट बोलला. तरी चांदी इतकी वाढलीये, की आलेला आकडा बाबांच्या अंदाजापेक्षा बराच वर होता.

आजीनं एक अट घातली. दोन्ही तोरड्या द्यायच्या नाहीत, एकच. बाबा म्हणाले, एका तोरडीचं काय करणार? ती म्हणाली, "पुढच्या पावसाले ठेवते." आणि राहिलेली तोरडी तिनं फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. बाबांच्या नाही. माझ्या. मी ती पर्समध्ये, लॅपटॉपच्या चार्जरशेजारी ठेवली. आता तिथेच आहे.

मग देवी. रांगेत दीड तास गेला. आजीला एका स्वयंसेवक पोरानं बाजूनं आत घेतलं, तिच्याबरोबर भाची गेली. मी आणि बाबा रांगेत मागेपुढे उभे, एकमेकांशी न बोलता. पुढे सरकता सरकता ते म्हणाले, हरभऱ्याचं औषध अजून घ्यायचं राह्यलं. मी म्हटलं, किती लागेल? त्यांनी आकडा सांगितला. मी काही न बोलता फोन काढला, पाठवले. त्यांच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी फोन काढून बघितला नाही, पण परतही पाठवले नाहीत. आज पाच दिवस झाले.

देवी कशी होती विचाराल तर, मान वर करून बघावी लागते एवढी मोठी. भाची बाहेर आल्यावर म्हणाली, आत्या, हिची मान जाड आहे बघ, भेग नाही जाणार. नंतर पाळण्यात बसलो, भेळ खाल्ली, वहिनीनं पणत्या आणि पतंगी कागदाचे ताव घेतले आकाशकंदिलासाठी, कारण तयार कंदील घेऊ द्यायला भाची तयार नाही. आता ती कारागीर झालीये. परतीच्या बसमध्ये पुन्हा पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं.

आणि हो, ते पाच धांडे. कणसं आजीनं दारावर बांधून ठेवलीत. चिमण्या येऊन अर्धी खाऊन गेल्या. काल बाबा त्याखाली उभं राहून दाणे हातावर चोळून बघत होते. मी विचारलं, तर म्हणाले, कीड नाही लागली, धुऱ्यावर दोन ओळी लावता येतील जूनमध्ये. वर म्हणाले, म्हशीसाठी.

बरं, वहिनी हाक मारतेय, आभाळ भरून आलंय, ताडपत्री धरायला जावं लागेल. तुमच्या घरी कुणाला भुलाबाईची गाणी येत असतील तर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, आणि चालणार असेल तर मला पाठवा. पुढच्या भागात कामट्या आणि पतंगी कागदाच्या कंदिलाबद्दल बोलू, म्हणजे तो तोवर नीट झाला तर. येते.