चौदाव्या मजल्यावरील वानप्रस्थ



सकाळचे दहा वाजले, की हिंजवडीतील गृहसंकुलांवर एक विशेष शांतता पसरते. संगणक कंपन्यांच्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात, शाळेच्या गाड्यांनी मुलांना नेलेले असते आणि फाटकावरची वर्दळ ओसरलेली असते. मागे उरतात ते बागेतल्या बाकांवर बसलेले आजोबा आणि वरच्या मजल्यांवरील स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या आजी. कोणी साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, कोणी नागपूरच्या टपाल कचेरीतून, तर कोणी बेळगावच्या बँकेतून. मुलगा किंवा मुलगी येथे नोकरीस लागली, कर्ज काढून सदनिका घेतली, नातवंड झाले आणि आई-वडिलांना बोलावणे आले. गावच्या घराला कुलूप लावून ती दोघे येथे आली. येथे त्यांना काही उणे नाही. औषधपाणी वेळेवर मिळते, उद्वाहन दारात थांबते. तरीही बाकावर शेजारी येऊन बसणाऱ्याने 'काय चाललंय?' असे विचारले, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. 'काही नाही, बसलोय.'

या 'बसलोय'चा विचार आज करावयाचा आहे.

महाराष्ट्र शासनाचा बहुतांश कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्र शासनाचा ६० व्या वर्षी. साठी गाठलेल्या भारतीयाच्या वाट्याला सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे येतात. अठरा वर्षे म्हणजे मूल जन्मून सज्ञान होण्याइतका काळ. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. एवढ्या मोठ्या समाजाने एवढा मोठा काळ केवळ बसून काढावा, हे त्यांच्याही हिताचे नाही आणि देशाच्याही नाही.

हिंजवडीत मात्र निवृत्तांचा आणखी एक वर्ग आहे आणि त्याची दखल सहसा घेतली जात नाही. हे गाव मुळशी तालुक्यातले. तालुका आंबेमोहोर तांदळासाठी ओळखला जाई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस येथे औद्योगिक विकास महामंडळाचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला, पुढे काहींनी घरे बांधून भाड्याने दिली. परंतु पहाटे उठून बैलांना वैरण घालणाऱ्या, पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या हातांना त्या दिवसापासून काम उरले नाही. कचेरीतला माणूस वयाने निवृत्त झाला. येथला वृद्ध शेतकरी मात्र वय होण्याआधीच, निरोप समारंभाविनाच निवृत्त झाला. एक संकुलाच्या भिंतीच्या आत बाकावर बसतो, दुसरा भिंतीबाहेर देवळाच्या पारावर. दोघांची व्यथा एकच आहे आणि दोघांची ओळख मात्र नाही.

आपल्या पूर्वजांनी या वयाचा विचार केला नव्हता, असे नाही. आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला आहे. त्याचा अर्थ आपण बहुधा 'सर्व सोडून स्वस्थ बसणे' असा लावतो. वस्तुतः तो तसा नाही. वानप्रस्थी पत्नीसह अरण्यात जाऊ शकत असे. तेथे अग्नी राखावा लागे, समिधा गोळा कराव्या लागत, कंदमुळे आणि धान्य स्वतः मिळवावे लागे, आल्या-गेल्याचे आतिथ्य करावे लागे. त्याने संसाराची सत्ता सोडलेली असे, कष्ट सोडलेले नसत. आज अरण्य उरले नाही आणि मुलेही वृद्धांना अरण्यात पाठवू इच्छित नाहीत. तेव्हा वानप्रस्थ आचरायचा, तर तो चौदाव्या मजल्यावरच्या सदनिकेतच आचरला पाहिजे. सत्ता सोडायची, काम सोडायचे नाही.

परंतु कोणते काम? वेळ घालविण्यासाठी केलेले काम वेळेबरोबरच संपते. निवृत्तीनंतरच्या कामाला तीन कसोट्या लावून पाहाव्यात. ते रोज करावे लागणारे असावे. त्यात बुद्धीबरोबर हातही गुंतलेले असावेत. आणि ते एक दिवस राहिले, तर घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी त्याची उणीव भासावी. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. आपल्यावाचून काही अडते, ही जाणीव माणसाला अंथरुणातून उठविते.

या कसोट्यांवर उतरणारे पहिले काम घरातच आहे आणि ते आजोबांच्या नजरेआड राहिलेले आहे. आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. आजी कधी झाली? उलट पतीच्या निवृत्तीनंतर तिचे काम वाढले. पूर्वी सकाळी नऊनंतर घर तिचे असे, आता अकराचा चहा आणि चारचा चहा वाढला. पुण्यात येऊन त्यात नातवंडाची भर पडली. तेव्हा निवृत्त गृहस्थाचा घरातील पहिला उपक्रम बागेचा नाही, वाचनालयाचाही नाही. भाजी आणणे, निवडणे, चिरणे, सकाळचा चहा आणि रात्रीचा वरण-भात ही कामे त्याने 'मदत' म्हणून न घेता जबाबदारी म्हणून अंगावर घ्यावीत. मदत करणारा सांगितल्यावर उठतो, जबाबदारी घेणारा डब्यात डाळ संपत आली हे स्वतः पाहतो. हा फरक कळायला काही गृहस्थांना वर्ष लागते. पण तो कळला, की आजीच्या वाट्यालाही थोडी निवृत्ती येते. तिला भजनाला जाता येते, पोहायला शिकता येते, किंवा नुसते दुपारी आडवे होता येते.

दुसरे काम दुरुस्तीचे. सेकंदाला एक थेंब याप्रमाणे गळणारा नळ दिवसाला सुमारे एकवीस लिटर पाणी वाया घालवतो. ज्या संकुलांना उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते, तेथे अशा दहा नळांचा हिशेब कोणीही करावा. जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा रबरी वायसर झिजलेला असतो, नव्या नळात आतली सिरॅमिकची कार्ट्रिज बदलावी लागते. आधी पाण्याचा कॉक बंद करावा, सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत, आट्यांना टेफलॉनची पट्टी गुंडाळावी आणि मग नळ पुन्हा बसवावा. एक पाना, दोन पेचकस, एक पक्कड एवढ्या सामग्रीवर हे होते. खुर्चीचा सैल पाय, बिजागरीचा करकर आवाज, फाटलेल्या पुस्तकाची बांधणी ही याच जातीची कामे. विजेच्या जोडणीत हात घालू नये आणि शिडीवर चढू नये, ही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. उतारवयात एका पडण्याने पुढची सगळी वर्षे बदलतात.

तिसरे काम मातीचे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. नियम कागदावर राहतो, कारण त्यासाठी रोज कोणीतरी लक्ष देणारे लागते. निवृत्त माणसाइतके योग्य कोण? जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोके पाडावीत, खाली वाळक्या पानांचा थर द्यावा. भाजीची देठे आणि साली बारीक करून टाकाव्यात आणि प्रत्येक वेळी वर मूठ-दोन मुठी पालापाचोळा पसरावा. विरजण म्हणून थोडे आंबट ताक शिंपडावे. मिश्रण मुठीत दाबले असता हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. दुर्गंधी आली तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे, पालापाचोळा वाढवावा आणि खालीवर करावे. दीड-दोन महिन्यांत पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारे काळे खत तयार होते.

त्या खतात कुंड्या कराव्यात, पण हिशेबाने. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली, तर तिचे वजन तीस किलोंच्या पुढे जाते. घराच्या खोलीतील स्लॅब साधारणतः चौरस मीटरला दोनशे किलो वापरभार धरून आखलेला असतो. हौसेने मातीच्या पोत्यांची रास रचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मातीऐवजी पानांचे खत वापरले, तर वजन जवळपास निम्म्यावर येते. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मिरची, गवती चहा यांना एवढे पुरते.

या विषयात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून शेतकऱ्यांना आणि शहरी कुटुंबांना स्वतःच्या अंगणात प्रयोग करून नोंदी ठेवायला शिकविले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये, म्हणजे आपल्या साठीच्या उंबरठ्यावर, 'आरती' या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञान संस्था स्थापन केली. खरकट्या अन्नावर चालणाऱ्या तिच्या आटोपशीर बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शहरातील स्वयंपाकघराचा कचरा हे इंधन आहे, हे त्या संयंत्राने दाखवून दिले.

मात्र बादलीतले रोप पिवळे का पडले, हे पुस्तकातून नेहमी कळत नाही. ते कळते भिंतीबाहेर पारावर बसलेल्या त्या वृद्ध शेतकऱ्याला. पान चुरगाळून, वास घेऊन तो सांगू शकतो. निवृत्त कारकुनाने त्याला सन्मानाने आत बोलवावे, रोपे दाखवावीत, त्याच्या हाताखाली शिकावे. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघते, तेव्हा संकुलातले लोक गॅलरीतून छायाचित्रे काढतात. ज्या गावाच्या जमिनीवर आपले घर उभे आहे त्या गावाशी एवढेच नाते पुरेसे नाही. एका कुंडीच्या निमित्ताने दोन निवृत्त माणसांची मैत्री झाली, तर त्या भिंतीला एक दार पडले असे समजावे.

चौथे काम कागदांचे. कुळाची माहिती गोळा करून कुलवृत्तांत छापणे ही मराठी माणसाची जुनी आवड. ग्रंथ छापणे सर्वांना शक्य नाही, पण शंभर पानी वही सर्वांना शक्य आहे. घर कोणी बांधले, दुष्काळात कुटुंब कोठे गेले, आजीचे माहेर कोणते, देवक कोणते, कुलदैवत कोणते, हे लिहून ठेवावे. ट्रंकेतले मोडी कागद असतील तर मोडी शिकावी. चार-सहा महिन्यांच्या सरावाने अक्षर लागू लागते. आजीने आपल्या हातचे पदार्थ लिहावेत, पण 'अंदाजाने मीठ' असे न लिहिता वाटी-चमच्याच्या मापाने लिहावेत. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि घरोघरी पोहोचले, त्यामागे नेमक्या मापांची ती शिस्त होतीच. आणि हस्ताक्षराला कमी लेखू नये. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अध्यात्म सांगणाऱ्या ग्रंथात लेखणी, शाई आणि कागद यांच्या निगेलाही जागा मिळते, यातच हातच्या लहान कामाची प्रतिष्ठा दिसते.

आता एक गोष्ट तरुणांसाठी. घरात वडिलांची अवजारांची पेटी आली, की 'बाबा, हे कशाला, माणूस बोलावू ना' असे म्हटले जाते. आईच्या लोणच्याच्या बरण्या नव्या ओट्यावर शोभत नाहीत. खताची बादली गॅलरीच्या सजावटीत बसत नाही. हे सारे प्रेमाने म्हटले जाते, परंतु त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला निराळा लागतो. घर तुमचे नाही, तुम्ही येथे पाहुणे आहात, असा तो अर्थ. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. चार फूट जागा देण्याचा कायदा कोणी करू शकत नाही, ती मनानेच द्यावी लागते. सदनिका सजवताना ज्याप्रमाणे मुलाच्या अभ्यासाचे टेबल ठरते, त्याप्रमाणे आजोबांचा कोपरा ठरावा. तेथे पसारा असला तर असू द्यावा. पसारा हे माणूस जागा असल्याचे चिन्ह आहे.

वृद्धांनीही एक पथ्य पाळावे. कामाच्या मिषाने घरातली सत्ता पुन्हा हाती घेऊ नये. सुनेने कसे चिरावे आणि मुलाने कसे खर्चावे, याच्या सूचना हे काम नव्हे.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. दोनच वर्षांनी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि त्यासाठी पै-पैशाच्या वर्गण्या गोळा केल्या. ज्यांच्या बायोगॅस संयंत्राचा उल्लेख वर आला, ते आनंद कर्वे या महर्षींचेच नातू. प्रत्येकाच्या हातून विद्यापीठ होणार नाही, ते अपेक्षितही नाही. परंतु ज्या वयात आपल्याकडे नारळ आणि शाल देऊन निरोप दिला जातो, त्या वयात एका माणसाचे मुख्य काम सुरू झाले होते, एवढे लक्षात ठेवावे. आणि आजोबांना नातू पाहत असतो, हेही.

संध्याकाळी सातनंतर बसगाड्या परततात. दिवसभर पडद्यासमोर बसून थकलेला मुलगा दार उघडतो. त्या वेळी आजोबांनी त्याच्या हाती कुंडीतल्या पुदिन्याची चार पाने टाकलेला चहा द्यावा. आणि त्याने सहज 'काय केलंत आज?' असे विचारले, तर सांगण्यासारखे काहीतरी असावे. उत्तर लहान असले तरी चालेल. 'तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळत होता, तो बसवून आलो.' एवढे उत्तर 'बसलोय'पेक्षा कितीतरी मोठे आहे.