श्रोत्यांनी राखलेले गाणे

श्रोतेहो, मैफल संपली की गाणे हवेत विरून जाते. ते राखणाऱ्या श्रोत्यांची ही हकीकत.

अमेरिकेत १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ हा रॉक वाद्यवृंद निघाला. ही मंडळी दर मैफलीत निराळी गाणी, ऐन वेळी सुचतील तशी वाढवून वाजवीत. म्हणून श्रोते उंच काठीला मायक्रोफोन बांधून प्रत्येक मैफल टेपवर घेऊ लागले. इतर ठिकाणी अशांना चोर समजून हाकलीत. इथे मात्र १९८४ साली त्यांच्यासाठी खास जागाच राखली, बरं का! अट एकच: टेप द्यावी, घ्यावी, पण विकू नये.

९ जुलै १९९५ रोजी शिकागोच्या ‘सोल्जर फील्ड’ मैदानात प्रमुख गायक-वादक जेरी गार्सिया यांची या वाद्यवृंदाबरोबरची अखेरची मैफल झाली. ९ ऑगस्टला ते वारले. ती रात्र श्रोत्यांच्या टेपेतून आजही ऐकता येते. मंचावरून थेट घेतलेले मुद्रण अधिक स्वच्छ असते, हे खरे; पण भोवतालच्या टाळ्या, आरोळ्या आणि मैदानात घुमणारा नाद श्रोत्याच्या टेपेतच पुरता उतरतो.

गुरुजनहो, विश्वास टाकला, तर ज्याला चोर म्हणायचे तोच राखणदार होतो.