शिकागो ब्लूज आणि हार्मोनिकावादकाचे जगणे

ब्लूज वाजवणाऱ्या बँडमध्ये हार्मोनिकावादकाचे स्थान इतर वादकांहून वेगळे असते आणि त्या वेगळेपणाचे मूळ त्याच्या वाद्याच्या घडणीत जितके आहे तितकेच त्याच्या उपजीविकेच्या रीतीत आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. गिटार, बास आणि ड्रम यांच्यावाचून असा बँड सहसा उभा राहत नाही. हार्मोनिकावाचून मात्र तो राहू शकतो आणि पैशांची ओढाताण असेल तेव्हा बहुधा राहतोच. त्यामुळे आपण बँडला का हवे आहोत, हे या वादकाला दर कार्यक्रमात नव्याने पटवून द्यावे लागते. आणि ते पटवण्याचा मार्ग अधिक वाजवण्यात नसून नेमके, मोजके आणि योग्य जागी वाजवण्यात आहे, हीच या कलेतील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेला गानप्रकार. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. त्यांपैकी मिसिसिपीकडचे अनेक जण इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला उतरले, आणि शेतवस्तीतल्या एकट्या गायकाचे गाणे तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत पोहोचल्यावर त्याला वीज, बँड आणि मोठा आवाज यांची जोड मिळाली. या स्थलांतरात पियानो सोबत नेता येत नव्हता. हार्मोनिका खिशात मावत होती.

मराठी घरांत ‘माऊथ ऑर्गन’ म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर यांनी 1857मध्ये व्यापारी प्रमाणावर बनवायला घेतले आणि 1896मध्ये त्यांच्या कारखान्याने ‘मरीन बँड’ हा दहा छिद्रांचा नमुना बाजारात आणला. ब्लूजवाल्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या जवळ केले ते हेच वाद्य. त्याच्या प्रत्येक छिद्रात दोन पितळी पाती असतात, एक फुंकल्यावर वाजणारे आणि दुसरे श्वास ओढल्यावर वाजणारे. पेटीवाले ज्याला रीड म्हणतात तेच हे पाते, आणि त्या अर्थाने हार्मोनिका व पेटी ही एकाच कुळातील वाद्ये होत. पेटीवर मींड घेता येत नाही, हा आपल्याकडील जुना आक्षेप, आणि आकाशवाणीने 1940पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले त्यामागील कारणांत हेही एक होते. हार्मोनिकात मात्र तेच पाते मींड देते. श्वास ओढत असताना वादक जिभेची ठेवण बदलून मुखपोकळीचा आकार असा जुळवतो की ओढीचे पाते आपल्या ठरलेल्या स्वराखाली सरकू लागते, एरवी त्या वेळी गप्प असणारे फुंकीचे पातेही कंप पावू लागते, आणि दोघांच्या ओढाताणीतून स्वर खाली उतरतो. तो किती उतरेल याला त्या छिद्रातील दुसऱ्या पात्याच्या स्वराने मर्यादा पडते. पेटीत एका स्वरकक्षेतील हवा एकाच दिशेने वाहते आणि वाजवणाऱ्याचे तोंड त्या हवेच्या वाटेत नसते, म्हणून तिथे हे घडत नाही.

हे वाद्य मुळात जर्मन लोकगीतांसाठी जुळवलेले होते. पांढरी एकच्या हार्मोनिकावर फुंकले की षड्ज, गांधार, पंचम असा त्या पट्टीचा सरळ मेळ वाजतो. दक्षिणेतील वादकांनी वाद्य तेच ठेवून षड्ज बदलला: पांढरी एकची हार्मोनिका ते पांढरी पाचमध्ये वाजवू लागले, म्हणजे दुसऱ्या छिद्रातून ओढलेला स्वर षड्ज झाला आणि वादनाचा सारा भार फुंकीवरून ओढीवर आला. या पद्धतीला ‘क्रॉस हार्प’ म्हणतात. तिच्यात पाचव्या छिद्राची ओढ आपसूक कोमल निषाद देते. तिसऱ्या छिद्राचा शुद्ध गांधार खाली ओढून कोमलाकडे नेता येतो आणि चौथ्या छिद्राचा पंचम तीव्र मध्यमापर्यंत उतरवता येतो. ब्लूजचा जीव ज्या स्वरांत आहे ते नेमके हेच. विशेषतः गांधार शुद्धही नाही आणि पुरता कोमलही नाही, अशा मधल्या श्रुतीवर ठेवला जातो, आणि चांगला वादक कोण हे त्या एका स्वरावरून ओळखता येते. ज्यांच्याकडे संगीतशाळा नव्हत्या, वाद्य बनवणाऱ्यांशी ज्यांचा काही संबंध नव्हता, अशा माणसांनी परक्या वाद्यातून आपला स्वर काढला, ही गेल्या शतकातील संगीताच्या इतिहासातील थोर घटना मानली पाहिजे.

ब्लूजचे आवर्तन बहुधा बारा मापांचे असते. माप म्हणजे चार मात्रांचा एक गट, म्हणून एकूण मात्रा अठ्ठेचाळीस. त्याचे चार-चार मापांचे तीन भाग पडतात आणि प्रत्येक भागात गायक साधारण अर्ध्या वाटेवर आपली ओळ संपवतो. उरलेली दोन मापे रिकामी असतात, आणि हार्मोनिकावादकाची खरी जागा हीच. गायकाने विचारावे आणि वाद्याने उत्तर द्यावे, अशी ही रचना आफ्रिकी परंपरेतून आलेली आहे. नवखा वादक गायकाच्या शब्दांवरही वाजवत राहतो. जाणता वादक तिथे एखादा लांब सूर धरतो, किंवा जिभेने मधली छिद्रे झाकून दोन टोकांचे सूर एकत्र हलकेच वाजवतो, किंवा पूर्ण गप्प बसतो. गिटार आणि हार्मोनिका दोन्ही साधारण त्याच मधल्या सप्तकांत बोलतात, त्यामुळे गिटारवादकाचा एकल भाग चालू असताना हार्मोनिका मध्ये घुसली तर दोघांचाही चिखल होतो. शिकागो ब्लूजचे गायक मडी वॉटर्स यांच्या बँडमधील 1950च्या दशकातील ध्वनिमुद्रणे ऐकताना हार्मोनिका कुठे नाही याकडे लक्ष दिले, तर ती जिथे आहे तिथे इतकी का भिडते हे कळते.

मडी वॉटर्स यांच्या त्या बँडमध्ये लिटल वॉल्टर होते. मेरियन वॉल्टर जेकब्स हे त्यांचे नाव. जन्म 1930, लुइझियाना राज्य. कोवळ्या वयातच ते शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वाजवू लागले. रविवारी तिथे रस्त्याच्या कडेला बँड उभे राहत, शेजारच्या घरातून वायर ओढून वीज घेतली जाई आणि पुढ्यात पडतील ते पैसे ही कमाई असे. उघड्या बाजारात गिटारच्या ॲम्प्लिफायरपुढे दहा छिद्रांचे वाद्य ऐकू येणे अशक्य होते. त्यावर या पिढीने काढलेला उपाय असा की भाषणासाठी वापरला जाणारा साधा, स्वस्त मायक्रोफोन हार्मोनिकासह दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरायचा आणि तो गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा. ओंजळ बंद राहिल्याने हवेला बाहेर वाट उरत नाही, मायक्रोफोनवर दाब वाढतो, ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हवर ताण येतो आणि स्वर फाटून, जाड होऊन, सॅक्सोफोनच्या जवळ जातो. वॉल्टर यांनी या फाटलेपणालाच स्वतंत्र वाद्याचा दर्जा दिला. मे 1952मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘ज्यूक’ ही शब्दांवाचूनची रचना बिलबोर्ड साप्ताहिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्या यशानंतर ते मडी वॉटर्स यांना सोडून स्वतःच्या बँडचे नायक झाले; ज्यांच्या बँडचा त्यांनी ताबा घेतला त्या ‘एसेस’मधील हार्मोनिकावादक ज्युनियर वेल्स मडींकडे गेले. साथीदाराची जागा आणि नायकाची जागा यांतील अंतर एका तबकडीने मिटले होते.

ते अंतर कायमचे मात्र मिटले नाही. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोल आणि पुढे सोल यांनी तरुण श्रोता नेला. वॉल्टर दारू आणि भांडणे यांत खंगत गेले आणि 1968च्या फेब्रुवारीत, रस्त्यावरच्या मारामारीनंतर, सदतिसाव्या वर्षी वारले. त्यांच्याआधी जॉन ली विल्यमसन, म्हणजे पहिले ‘सनी बॉय’, यांचा 1948मध्ये शिकागोत कार्यक्रमाहून घरी परतताना रस्त्यात खून झाला होता. या मृत्यूंना रंगतदार दंतकथांचे रूप देण्याची सवय लेखकांना लागली आहे, ती सोडली पाहिजे. मध्यरात्रीनंतर काम संपणाऱ्या, रोख मजुरी घेणाऱ्या आणि वस्तीबाहेर पाऊल टाकताच वर्णभेदाच्या भिंतीला धडकणाऱ्या माणसांच्या कामाच्या अटी त्यांत दिसतात. शिकागोत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या वादकांच्या कामगार संघटनाही वेगवेगळ्या होत्या. त्या 1966मध्ये एक झाल्या.

आज या वाद्यावर पोट भरणाऱ्याचा दिनक्रम तुलनेने शांत असला तरी त्याचा सांगाडा तोच आहे. कार्यक्रम रात्री सुरू होतो, पाऊण-एक तासाचे दोन किंवा तीन टप्पे होतात, आणि किंग्स्टन माइन्ससारख्या शिकागोतील क्लबात पहाटेपर्यंत चालतो. वादकाच्या पेटाऱ्यात डझनभर हार्मोनिका असतात, कारण एक वाद्य एकाच पट्टीचे. गिटारवादकांना पांढरी तीन आणि पांढरी सहा या पट्ट्या सोयीच्या, त्यामुळे क्रॉस हार्पच्या हिशेबाने पांढरी सहा आणि पांढरी दोनच्या हार्मोनिका सर्वांत आधी झिजतात. त्यांतही चौथ्या आणि पाचव्या छिद्राच्या ओढीची पाती पहिली दगा देतात, कारण ब्लूजचा सारा ताण तिथेच पडतो. पितळ थकते, स्वर हळूहळू उतरतो आणि एके दिवशी गाण्याच्या मध्यावर सूर बसतो. नव्या हार्मोनिकाची किंमत दर वेळी परवडत नाही म्हणून पुष्कळ वादक दुरुस्ती शिकून घेतात: वरची पत्र्याची झाकणे काढायची, पात्याखाली पातळ पट्टी सरकवायची, टोकाकडे किंचित घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि एक ओरखडा जास्त पडला तर ते पाते गेलेच. ॲम्प्लिफायर मोठा असेल तर मायक्रोफोन शिट्टी घालू लागतो, लहान असेल तर ड्रमपुढे आवाज बुडतो. दर नव्या जागी हा तोल पुन्हा शोधावा लागतो.

आणि तरीही बँडचा नायक विचारतो तो प्रश्न बहुधा एकच असतो: गाता येते का? केवळ हार्मोनिका वाजवणाऱ्याला वेगळे मानधन देणे छोट्या क्लबच्या हिशेबात बसत नाही; म्हणून या वाद्याचे बहुतेक नामवंत, ‘सनी बॉय’ या एकाच नावाचे दोघे, ज्युनियर वेल्स, पॉल बटरफिल्ड, किम विल्सन, हे गायकही आहेत. गायिका बिग मामा थॉर्नटन हार्मोनिका स्वतःच वाजवत. एकच श्वास शब्दाला आणि वाद्याला वाटून द्यायचा असल्याने अशा गायकाची ओळ आपोआप आखूड होते, आणि गायनाच्या शैलीवर झालेला हा परिणाम अभ्यासकांनी अजून पुरेसा तपासलेला नाही.

मुंबईत हे वाद्य रुळले ते चित्रपटगीतांतून. 1958च्या ‘सोलवा साल’मधील देव आनंद यांच्या गाण्यात ते राहुल देव बर्मन यांनी वाजवले, आणि तेव्हापासून ते आपल्याकडे प्रामुख्याने चाल वाजवण्याचे वाद्य राहिले. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011पासून भरू लागलेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवामुळे मराठी श्रोत्यालाही शिकागोच्या परंपरेतील वादन समोर बसून ऐकता आले. मींडेची सवय असलेल्या या कानांना ते परके वाटण्याचे कारण नाही.

गाता न येणाऱ्या हार्मोनिकावादकाला बँडमध्ये जागा आहे का, या प्रश्नावर जेम्स कॉटन यांचे उदाहरण निर्णायक ठरते. 1935मध्ये मिसिसिपीत जन्मलेल्या कॉटन यांनी लहानपणी दुसऱ्या सनी बॉयकडे शिक्षण घेतले, 1950च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे बारा वर्षे मडी वॉटर्स यांना साथ दिली आणि 1966मध्ये स्वतःचा बँड काढला. भरदार आवाज ही त्यांची निम्मी कमाई होती. 1990च्या दशकात घशाच्या कर्करोगाने तो आवाज गेला. गाणारा नसेल तर हार्मोनिकावाला कशाला, हा बाजाराचा नियम त्यांना तेव्हा लागू व्हायला हवा होता. पण त्यांनी बँड मोडला नाही, गाण्यासाठी इतर गायक सोबत घेतले, स्वतः खुर्चीवर बसून केवळ हार्मोनिका वाजवली आणि 1996च्या ‘डीप इन द ब्लूज’साठी ग्रॅमी पुरस्कारही मिळवला. 2017मध्ये निधन होण्याच्या काही वर्षे आधीपर्यंत श्रोते त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट काढत राहिले ते त्यांची हार्मोनिका ऐकायला.