ज्ञानकोशाचे खुले अंगण
(अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेव्हा लेखक जमविणे आणि पैसा उभा करणे हे दोन्ही भार त्यांनी स्वतः वाहिले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनीच, सुरू झाला. तेथे वेतन नाही, प्रमुख संपादक नाही. पुण्यात लिहिलेले वाक्य न्यू जर्सीतील मराठी माणूस रात्री दुरुस्त करू शकतो. कोणी काय बदलले, याची नोंद पानाच्या इतिहासात राहते. मतभेद झाल्यास चर्चापानावर वाद होतो. तेथे आवाजाच्या चढउताराला किंमत नाही. प्रकाशित, विश्वसनीय संदर्भ कोणता, एवढेच विचारले जाते. आपल्यापैकी अनेकांना हे जाचक वाटते. मला ते हितकर वाटते.

‘आमचा इतिहास परके लिहितात,’ ही तक्रार आपण नित्य करतो. २०११च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या ८ कोटींहून अधिक होती. तेथे नियमित लिहिणारे मात्र मोजकेच. आपल्या गावच्या ग्रामदैवतावर, तालमीवर, वाचनालयावर तेथे काय लिहिले आहे, हे येथे बसलेल्या किती जणांनी पाहिले आहे?