टाचेवरची दोरी

बसल्या जागी एक करा. हात खाली नेऊन टाचेच्या जरा वर चिमटीत धरा. दोरीसारखी ताठ लागते, ती कंडरा. आपण तिला सरसकट 'नस' म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारी ही शरीरातली सर्वांत दणकट दोरी. भांडुपच्या डोंगरावर राहणारा माणूस रोज पायऱ्या चढतो तो तिच्या जोरावर.

ती खेळाडूंचीच तुटते असं वाटतं. आपल्याकडे मात्र ती संडासातही कापली जाते. ओल्या फरशीवर पाय घसरून भांड्यात जातो आणि तडकलेल्या चिनीमातीची धार नेमकी टाचेवर बसते. लहान मुलांचा पाय सायकलच्या आऱ्यांत अडकतो. जखम दिसते इंचभर. टाके पडतात, पट्टी होते, पेशंट घरी जातो. घात होतो तो इथेच. शेजारच्या कंडरा शाबूत असल्यामुळे माणूस लंगडत का होईना चालतो, पाऊल थोडं खाली दाबूही शकतो. म्हणून सगळे निर्धास्त राहतात. खरं तर पेशंटला पालथं झोपवून, पाऊल पलंगाबाहेर ठेवून पोटरी दाबायची. पाऊल हललं नाही, तर दोरी तुटली आहे असंच धरून चालावं. या तपासणीला दहा सेकंदही लागत नाहीत.

वेळेत कळलं तर दोन टोकं एकमेकांना शिवता येतात. महिने उलटले की पोटरीचा स्नायू वर आखडतो, मध्ये पाच-सहा सेंटिमीटरचीही फट पडते. मग कलम करावं लागतं. कोकणातून आलेल्या भांडुपकरांना कलम म्हणजे काय ते मी काय सांगणार! गुडघ्याच्या आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन मांडीमागची एक कंडरा काढतात. वीतभराहून लांब, पांढरी, मोत्यासारखी चकाकणारी पट्टी हातात येते. टाचेच्या हाडात बोगदा पाडून ती ओवायची आणि वरच्या टोकाशी विणून घ्यायची. कधी अंगठा वाकवणारी शेजारची कंडराच वळवून टाचेत बसवतात. हळूहळू कलमात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, शरीर त्याला आपलं म्हणतं.

कंडरा वळवण्याची ही विद्या आपल्या देशात कुष्ठरुग्णांच्या सेवेतून वाढली, हे मला फार मोलाचं वाटतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि मुंबईत जे.जे. रुग्णालयाचे डॉ. नोशिर अंतिया यांनी, ज्यांना कोणी शिवतही नव्हतं, त्यांच्या वाकड्या झालेल्या अवयवांवर शस्त्रक्रिया केल्या.

ही विद्या कितीही वाढली, तरी कलमानंतर आधी प्लास्टर, मग व्यायाम. पूर्ण जोर यायला सहा महिने, कधी वर्षही जातं. हातावर पोट असलेल्याचं घर तेवढ्यात बसतं.

म्हणून दोन गोष्टी मागतो. चाळीतल्या संडासाचं तडकलेलं भांडं या आठवड्यात बदलून घ्या. आणि टाचेवर कापलं, तर टाके घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, "कंडरा तपासली का?"