बर्बर, अपभ्रंश आणि आमचं ‘जयगाव’

मराठीत ‘बर्बर’ हा शब्द आपण कुणासाठी वापरतो? रानटी, क्रूर, माणुसकी नसलेल्यासाठी. शब्द जुना आहे, महाभारतातही बर्बर लोकांचा उल्लेख येतो. ग्रीक भाषेतही जवळपास हाच उच्चार, ‘बार्बारोस’. ज्याचं बोलणं आपल्याला समजत नाही, कानावर नुसतं ‘बर बर’ पडतं, तो बर्बर. म्हणजे न समजणारा आपण आणि दोष मात्र बोलणाऱ्याचा!

याच नावानं जगानं उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या समाजाला शतकानुशतकं ओळखलं. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, माली, नायजर, अशा अनेक देशांत हे लोक विखुरलेले आहेत. ते स्वतःला बर्बर म्हणवून घेत नाहीत. ते म्हणतात, आम्ही ‘अमाझिग’. स्वतंत्र माणूस, असा त्याचा अर्थ सांगतात.

श्रोतेहो, हे फार दूरचं वाटत असेल तर थोडं घराजवळ येतो. सातव्या शतकाच्या सुमारास दंडी नावाचे मोठे काव्यशास्त्रकार होऊन गेले. आभीर वगैरे लोकांची जी वाणी, तिला काव्यात ‘अपभ्रंश’ म्हणतात, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. अपभ्रंश म्हणजे घसरलेली, बिघडलेली. आणि आमच्या खान्देशातल्या अहिराणीचं नाव अभ्यासक याच आभीरांशी जोडतात. तिकडे बर्बर, इकडे अपभ्रंश. दोन्ही नावं दुसऱ्यांनी ठेवलेली.

एक बर्बर माणूस तर आमच्या भागातून जाऊनही आला आहे. इब्न बतूता हा जगप्रसिद्ध प्रवासी मोरोक्कोतल्या तांजियरचा, लवाता या बर्बर टोळीच्या वंशातला. महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला जाण्यासाठी तो १३४२ साली दिल्लीहून निघाला आणि दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला थांबला. हे छोटं गाव मराठ्यांचं आहे आणि इथले लोक कारागिरीत, वैद्यकीत, ज्योतिषात हुशार आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. लिहिलं मात्र अरबीत. घराण्याच्या भाषेत नाही.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. अहिराणीतही लिहितो. गेली तीस वर्षं मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येतं आणि प्रेमानंच म्हणतं, “तुम्ही मुसलमान, तरी तुमची मराठी इतकी छान कशी?” त्या ‘तरी’चं काय करावं हे मला कधी सुचत नाही. अमाझिग लोकांकडे इस्लाम पोचला तो सातव्या शतकात. आज त्यांच्यातले बहुसंख्य मुसलमान आहेत, नमाज अरबीत पढतात, आणि घरात, शेतात, भांडणात, अंगाईत त्यांची भाषा वेगळीच आहे. तेराशे वर्षं! धर्म एका वाटेनं येतो, भाषा दुसऱ्या वाटेनं. दोन्ही एकाच घरात सुखानं नांदू शकतात.

सुखानं म्हणालो, पण तिथल्या सरकारांनी तेवढं सुख लागू दिलं नाही. मोरोक्को १९५६ साली आणि अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला. राजभाषा एकच ठरली, अरबी. मग १० मार्च १९८० हा दिवस आला. अल्जीरियात तिझी उझू नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात मुलूद मम्मेरी हे लेखक व्याख्यान देणार होते. विषय काय, तर जुन्या कबाइली कविता. कबाइली ही तिथल्या डोंगराळ भागातल्या अमाझिगांची बोली. सरकारनं व्याख्यानावर बंदी घातली. जुन्या कवितांना सरकार घाबरलं! विद्यार्थी रस्त्यावर आले, संप झाले, २० एप्रिलला पोलिसांनी धरपकड केली. त्या दिवसांना ते आजही ‘अमाझिग वसंत’ म्हणतात. पुढे २००२ साली अल्जीरियानं ही भाषा राष्ट्रीय मानली आणि २०१६ साली तिला अधिकृत दर्जा दिला. मोरोक्कोत तो २०११च्या राज्यघटनेत मिळाला.

ज्या कवींना मम्मेरींनी पुस्तकात आणलं त्यांच्यातला एक सी मोहंद. १९०५ साली वारला. गावोगाव भटकायचा, कविता म्हणायचा. एकदा म्हटलेली कविता पुन्हा म्हणायची नाही असा त्याचा पण होता, असं सांगतात. ज्यांनी ऐकल्या त्यांनी त्या तोंडी जपल्या, म्हणून त्या कागदावर आल्या. इथे जळगावच्या श्रोत्याला वेगळं काही सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या बोलत, जात्यावर गात. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं. अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ साली पुस्तक निघालं, तेव्हा बहिणाबाईंना जाऊन वर्ष उलटत होतं. (त्यांची बोली लेवा गणबोली, नेमकी अहिराणी नव्हे. जळगावात हा फरक केला नाही तर पत्रं येतात.) २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. आनंद झाला. त्यांच्या बोलीत तिथला एखादा फलकही लिहिला जावा, एवढं मात्र मनात येऊन गेलं.

फलकावरून लिपीकडे वळतो. अमाझिग लोकांची स्वतःची लिपी आहे, तिचं नाव ‘तिफिनाग’. वर्तुळं, रेघा, ठिपके. दगडावर कोरायला सोपी अक्षरं. तिच्या पूर्वज लिपीतले लेख दोन हजार वर्षांहून जुने आहेत. ट्युनिशियातल्या दुग्गा इथला दुभाषिक शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बाकी सगळीकडे ही लिपी विसरली गेली, पण सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांनी जिवंत ठेवली. २००३ साली मोरोक्कोनं शाळेसाठी तिचं ३३ अक्षरांचं नवं रूप स्वीकारलं. त्याआधी मोठा वाद झाला. कुणी म्हणे अरबी लिपी घ्या, कुणी म्हणे रोमन घ्या. अल्जीरियातले कबाइली आजही बहुतेक रोमनच वापरतात. मोरोक्कोतल्या सरकारी इमारतींवर मात्र आता अरबीच्या जोडीला तिफिनाग दिसते.

आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचे रुमाल आहेत. एका काळी मराठीचा सारा कारभार ज्या अक्षरांत चालला, ती वाचणारी माणसं आज शोधावी लागतात. तिफिनागची अक्षरं संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात २००५ साली गेली, मोडीची २०१४ साली.

अहिराणीला वेगळी लिपी हवी, असं माझं म्हणणं नाही. देवनागरी आहे आणि ती पुरते. अडचण लिपीची नाही, हाताची आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ‘आहे’ला ‘शे’, ‘मला’ला ‘माले’, ‘रामाचा’ला ‘रामना’. त्या ‘ना-नी’मुळे आणि इतर खुणांमुळे ग्रियर्सननं १९०७ साली आपल्या भाषा-पाहणीत खान्देशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली बोलींबरोबर वेगळं ठेवलं. आम्ही मात्र बोलतो ‘जयगाव’, ‘धुये’ आणि लेखणी उचलली की लिहितो जळगाव, धुळे. एका दिवाळी अंकाला मी अहिराणी कविता पाठवली होती. मुद्रितशोधकानं मोठ्या कष्टानं तिच्यातले सगळे ‘य’ पुसून ‘ळ’ केले आणि वर ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ अशी चिठ्ठी जोडली!

रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोश केला, सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ काढला. अशी कामं एकेका माणसानं पदरमोड करून केलेली असतात. बाकीच्यांकडून फार काही मागणं नाही. निदान विचारलं तर भाषेचं नाव तरी सांगावं.

विचारणार आहेत, म्हणून हे बोलतो. जनगणनेत १९९१ साली खान्देशी बोलणारे पावणेदहा लाखांच्या आसपास भरले. २००१ साली तेच सुमारे २० लाख ७५ हजार झाले आणि २०११ साली उतरून १८ लाख ६० हजारांवर आले. दहा वर्षांत एवढी पोरं जन्मली नव्हती आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख माणसांची जीभही बदलली नव्हती. बदललं ते दारात उभ्या असलेल्या माणसाला दिलेलं उत्तर. मोरोक्कोतही २०२४च्या गणनेत अमाझिग बोलणारे जेमतेम पाव हिस्सा भरले, आणि त्यांच्या संघटनांनी हा आकडा मानायला नकार दिला.

२०११ साली आमच्या दारी आलेल्या गणकानं माझं नाव ऐकलं आणि मातृभाषेच्या रकान्यात न विचारताच ‘उर्दू’ लिहिलं. शेजारी पाटलांकडे, तेही न विचारता, ‘मराठी’. आम्ही दोघं कुंपणावरून अहिराणीतच बोलत होतो.

जनगणनेच्या नियमात मातृभाषेची व्याख्या सरळ आहे. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली, ती. धर्म विचारलेला नाही, शाळा विचारलेली नाही. माझी माय पारोळ्याकडची. नमाज झाली की दुवा उर्दूत मागायची आणि उठून लगेच मला हाक मारायची ती अहिराणीत. पुढची जनगणना २०२७ साली व्हायची आहे. मातृभाषेनंतर येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगायची सोय असते. गणकानं पेन उघडण्याआधीच मी सांगणार आहे, पहिल्या जागी अहिराणी लिहा, मग मराठी, मग उर्दू. पाटलांनाही सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, “लिखसू ना भाऊ, त्यामां काय शे!”