शीत, भात आणि जनमत

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात मुनिरका येथे केलेले भाषण)



शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. जनमत चाचणीचे सारे शास्त्र या एका म्हणीत सामावले आहे. मात्र ती खरी ठरावयाची तर भात एकसारखा शिजलेला हवा. मुनिरक्याचेच पाहा. एकीकडे डी.डी.ए.च्या सदनिका, जवळच जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्या व भाडेकरूंच्या खोल्या, आणि पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. भर दुपारी सदनिकांची घंटा वाजविणाऱ्या पाहणीदारास निवृत्त मंडळी व गृहिणी भेटतील, नोकरदार भेटणार नाहीत. मतदार यादीवरून माणसे निवडली, तर येथे नाव न नोंदविलेला भाडेकरू सुटेल. दोघेही प्रामाणिक, तरी दोघांच्या हाती येणारे ‘मुनिरक्याचे मत’ वेगळे असेल.

नुसती संख्या वाढवून हा दोष जात नाही. 1936 साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असे सांगितले. रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीत पोळलेला गरीब त्यांत अभावानेच होता. उलट, निवड यदृच्छेने झाली तर हजार माणसांचे उत्तरही साधारणपणे तीन टक्क्यांच्या फरकाने सत्याजवळ पोहोचते.

आपल्याकडे हा अभ्यास नवा नाही. पुणे विद्यापीठाचे प्रा. व. म. सिरसीकर यांनी 1962 च्या निवडणुकीतील पुण्याच्या मतदारांचा अभ्यास करून 1965 साली तो ग्रंथरूपाने मांडला. तरीही 2004 साली बहुतेक चाचण्यांनी ज्या आघाडीस पुढे दाखविले, तिची सत्ता गेली. आणि 2024 साली मतदानोत्तर चाचण्यांनी ज्या आघाडीस साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या, तिला 293 मिळाल्या.

असे का व्हावे? निवडीतील दोष हे एक कारण. दुसरे माणसाच्या स्वभावात आहे. सरकारी सेवेत आम्ही एवढे निश्चित शिकलो, की विचारणारा कोण आणि शेजारी उभा कोण, यावर उत्तर बदलते. अनोळखी माणसाला आपण रुचेल ते सांगतो. बाजारपेठेचे संशोधक हे ओळखून आहेत. घराचा स्तर ठरविताना ते मिळकत विचारीत बसत नाहीत. मुख्य कमावत्याचे शिक्षण विचारतात आणि पंखा, शीतकपाट, दुचाकी, मोटार अशा 11 गोष्टींच्या यादीतील घरात काय काय आहे, ते मोजतात.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. देशभरातील दोन-तीन हजार माणसांच्या चाचणीत दिल्लीतील मराठी माणूस एखादाच सापडेल, बहुधा एकही नाही. आपली नोंद होते ती जनगणनेत, कारण तेथे प्रत्येक शीत मोजले जाते. 2011 साली देशात सुमारे 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. पुढील जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भतिथी जाहीर झाली आहे.

प्रगणक दारात उभा असतो, कुकरची शिट्टी होत असते, आणि नातवाच्या नावापुढे “हिंदीच लिहा” असे घाईत सांगितले जाते. 2011 च्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे बालपणी आईने आपल्याशी बोललेली भाषा. शाळेची वा बाजाराची नव्हे. सूनबाई हिंदीभाषक असून मुलाशी हिंदीत बोलत असतील, तर हिंदी हेच खरे उत्तर, आणि ते मोकळेपणाने द्यावे. मात्र अंगाईपासून रागावण्यापर्यंत सारे मराठीत चालत असेल, तर मराठीच सांगावे.

आकडा फुगविण्यासाठी खोटे सांगू नये आणि संकोचापोटी खरे दडवू नये. घरात मराठी बोलणे चालू ठेवले, तर प्रगणकाला काय सांगावे हा प्रश्न पडणारच नाही.